म्हाताऱ्या कुत्र्याची एकत्रित काळजी: सांधे, किडनी, हृदय आणि रात्रीची झोप

शेवंती

नमस्कार मंडळी,

आमचा बंड्या, पिवळा लॅब्राडोर, बारा पूर्ण करून तेराव्यात आहे. वजन ३८ किलो. मागच्या पायांचे खुबे लहानपणापासूनच सैल होते, आता त्यात संधिवात शिरलाय. यंदाच्या तपासणीत क्रिएटिनिन २.१ आलं, म्हणजे किडनीही थकायला लागलीय. शिवाय दिवाळीनंतर एक नवीनच सुरू झालंय. रात्री दोन-अडीचला उठून घरभर फिरतो, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, हाक मारली तरी लगेच वळत नाही.

प्रत्येक दुखण्याला औषध आहे, पण ती औषधं एकमेकांशी जुळत नाहीत. सांध्यांसाठी ज्यांच्याकडे नेलं त्यांनी वेदनाशामक गोळी दिली आणि बंड्या जिना चढायला लागला. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्यांनी पाहिला, त्यांनी ती गोळी किडनीसाठी वाईट म्हणून तिथल्या तिथे बंद केली. आता तो उठताना कण्हतो. शेजारच्या काकू हळद आणि गुग्गुळ द्या म्हणतात. ऑनलाईन बघावं तर ‘होलिस्टिक’ लिहिलेल्या पावडरींचा ढीग आहे.

मला वाटतं दुखणी वेगवेगळी असली तरी शरीर एकच आहे, तर विचारही एकत्रच व्हायला हवा. ज्यांनी म्हातारी कुत्री सांभाळली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आम्ही पुण्यात असतो.


टेकडीवरचा वाटसरू

शेवंती, पहिली गोष्ट वजन. ३८ किलो लॅबला जास्त आहे. त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवून बघा. स्वतःच्या मुठीच्या हाडांवरून बोट फिरवल्यावर लागतं तसं लागलं तर कुत्रा बारीक आहे, तळहाताच्या मागच्या बाजूसारखं लागलं तर बरोबर, आणि तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर वजन उतरवायला हवं.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतोय? लॅब्राडोरवरच झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ४८ पिल्लं, जोड्या लावून, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आणि हे जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२. त्यांना संधिवातही उशिरा झाला. पावणेदोन वर्षं जास्त मिळवून देणारी पावडर अजून कोणी विकलेली मी पाहिली नाही. आता बंड्या म्हातारा आहे हे खरं, पण उशीर झालेला नाही. संधिवाताच्या जाड्या कुत्र्यांचं वजन साधारण ६ टक्के उतरलं की लंगडणं दिसण्याइतकं कमी होतं. तुमच्याकडे ते जेमतेम सव्वादोन किलो होतात.

वाटीने किंवा अंदाजाने खाणं वाढू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. घरात कोण काय देतं ते एका कागदावर लिहा. चहाबरोबरची बिस्किटं, पोळीचा शेवटचा तुकडा, आजीच्या ताटातला भात. आमच्याकडे असा कागद फ्रिजवर लावला होता आणि सगळ्यांचा हात आपोआप आखडला. पोट भरल्यासारखं वाटायला उकडलेला लाल भोपळा, दुधी, फरसबी चालते. मात्र किडनीचं प्रकरण असल्यामुळे खाणं एकदम तोडू नका. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त उतरू देऊ नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला उभं ठेवतात ते स्नायूच.


पशुवैद्य सातारकर

मी कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतो. बंड्याला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी एक डॉक्टर ठरवा. बाकीचे असू देत, पण अंतिम यादी एकाच्या हातात हवी. त्यांच्यासाठी एका पानावर सगळं लिहा: कोणती गोळी, किती, कधीपासून, खाण्याआधी की नंतर, आणि त्यात काकूंची हळदसुद्धा. घरगुती म्हणून जे सांगायचं राहतं तेच पुष्कळदा आम्हाला नडतं.

आता किडनी. क्रिएटिनिन १.४ ते २.८ म्हणजे किडनीच्या आजाराच्या चारपैकी दुसरी पायरी. हे ऐकून घाबरायचं नाही, या पायरीवर कुत्री बरीच वर्षंही काढतात. पण एका आकड्यावर पायरी ठरत नाही. पाणी भरपूर प्यायलेलं असताना दोनदा तपासून तोच आकडा यायला हवा. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे मागचे पाय वाळलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात ते खोटं कमी दिसू शकतं. एसडीएमए नावाची किडनीचीच रक्तचाचणी त्यापेक्षा स्नायूंवर कमी अवलंबून असते. लघवीची तपासणी टाळू नका. लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर ०.५ च्या वर असेल तर किडनी गळतेय आणि त्याचे वेगळे उपचार आहेत. आणि रक्तदाब. १६० च्या वर राहिला तर किडनी आणि डोळे दोन्ही मार खातात. रक्ताचा रिपोर्ट असतो, पण लघवी आणि रक्तदाब तपासलेलाच नसतो, असं फार वेळा बघतो.

आपल्याकडे आणखी एक शोधायचं: जुना गोचीड ताप. त्याचा जंतू, एहरलिशिया, लपून राहतो आणि महिनोन्‌महिने किडनीतून प्रथिनं गळवतो. कुत्र्याला पूर्वी गोचिड्या झालेल्या असतील तर ही चाचणी करून घ्या. निघालाच तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स २८ दिवसांचा असतो, चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोही किडनीच धरतो.

वेदनेबद्दल. तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, फक्त ते एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या पायरीवर, कुत्रा नीट खात-पीत असेल, रक्तदाब आणि लघवी ठीक असेल, तर मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक कमीत कमी मात्रेत, दर काही आठवड्यांनी रक्त तपासत देता येऊ शकतं. नसेल द्यायचं तर गॅबापेन्टिनसारखे दुसरे मार्ग आहेत. त्याचीही मात्रा किडनी बघून ठरते, सुरुवातीला कुत्रा थोडा झिंगतो. पण वेदना तशीच सोडून देणं हा पर्याय नाही. दुखणारा कुत्रा हलत नाही, हलला नाही की स्नायू जातात, स्नायू गेले की सांध्यावर भार वाढतो, रात्री झोप लागत नाही. तुम्ही सांगितलेलं रात्रीचं फिरणंही अर्धं वेदनेमुळे असू शकतं.

उलटी-जुलाब झाले किंवा कुत्र्याने एक वेळ खाल्लं नाही तर मेलॉक्सिकॅम त्या दिवशी देऊ नका आणि फोन करा. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडबरोबर ते कधीच नाही, दोन्हींमध्ये काही दिवसांचं अंतर लागतं.

घरातल्या डब्यातली माणसांची गोळी देऊ नका. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात आणि किडनी बसते. दर पावसाळ्यात अशी दोन-तीन कुत्री येतात, त्यांना वाचवणं अवघड जातं. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून भारतात बंद आहे ते गिधाडांमुळे (ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरायची), पण माणसांच्या दुकानात मिळतं आणि मग घरातला कोणीतरी प्रेमापोटी देतो.


माडाची सावली

मी सावंतवाडीची. आमच्या टॉमीला रोज हळद, थोडं तूप आणि मिरी देत होते, शेवटपर्यंत ताठ चालला. सगळंच रसायन कशाला? आयुर्वेदात जनावरांचा विचार पूर्वीपासून आहे, हत्ती-घोड्यांच्या चिकित्सेचे स्वतंत्र ग्रंथ आहेत. शेवंतीताई, थोड्या श्रद्धेने करून बघा.


पशुवैद्य सातारकर

माडाची सावली, ग्रंथांचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे आणि मला त्या परंपरेचा आदर आहे. जेवणातली चिमूटभर हळद कोणाला त्रास देत नाही. पण औषध म्हणून चमचाभर, तीही मिरी घालून, तेव्हा दोन गोष्टी होतात. हळदीतलं कर्क्युमिन एरवी फारसं शोषलं जात नाही, मिरीमुळे ते वाढतं. पण मिरी बाकीच्या औषधांचंही यकृतातलं पचन बदलू शकते, म्हणजे आम्ही ठरवलेली मात्रा तीच राहत नाही. शिवाय जास्त हळदीने रक्त पातळ होण्याकडे कल जातो. वेदनाशामक गोळ्या चालू असताना, प्लेटलेट्स कमी असताना किंवा ऑपरेशन जवळ असताना हे महत्त्वाचं ठरतं.

गुग्गुळाबद्दल मी जास्त सावध आहे. साधा गुग्गुळ वेगळा आणि भस्म घातलेली तयार औषधं वेगळी. धातूंचं भस्म असलेलं काहीही थकलेल्या किडनीच्या कुत्र्याला देऊ नका. डबीवर घटक लिहिलेले नसतील तर ती डबी घरात आणू नका.

पूरक म्हणून आधार असलेली एक गोष्ट सांगतो: माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं. संधिवातात उपयोग दिसतो, किडनीलाही मदत होते. मात्र कॉडलिव्हर ऑइल वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं, मोठ्या मात्रेत ते साठतं. बाटलीवर ईपीए आणि डीएचए किती मिलिग्रॅम आहे ते वाचा, नुसतं ‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम’ यावर जाऊ नका. जवसाच्या तेलाने हे काम होत नाही, कुत्र्याचं शरीर त्याचं रूपांतर फार थोडं करतं. ग्लुकोसामाइन बहुतेकांना निरुपद्रवी असतं, पण फायद्याचा पुरावा कमकुवत आहे. पैसे मोजकेच असतील तर ते आधी रक्तदाब आणि लघवीच्या तपासणीवर घाला.


माडाची सावली

मिरीचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. टॉमीला दुसरं कुठलंच औषध चालू नव्हतं, त्यामुळे प्रश्न आला नसावा. पण चोळण्याचं मी सोडणार नाही हं. कोमट तिळाच्या तेलाने मांड्या आणि पाठ हलक्या हाताने चोळली की तो डोळे मिटून पडून राहायचा. नंतर तेल पुसून घ्यायचं, नाहीतर चाटतो आणि पोट बिघडतं.


पशुवैद्य सातारकर

चोळण्याला माझं पूर्ण अनुमोदन. स्नायू ताठरलेले असतात, ते सैल होतात. आणखी एक फायदा म्हणजे रोज हात फिरला की नवीन गाठ, सूज, दुखरी जागा लगेच कळते.


विदर्भकन्या

शेवंती, औषधांचं डॉक्टरांनी लिहिलंच आहे, मी घराबद्दल लिहिते. आमच्या जर्मन शेफर्डचे मागचे पाय शेवटची दोन वर्षं कमजोर होते आणि नागपुरातलं घर म्हणजे सगळीकडे गुळगुळीत टाइल्स.

लादी हा म्हाताऱ्या कुत्र्याचा शत्रू आहे. पाय फाकतात, घाबरून कुत्रा उठणंच सोडतो आणि आपण म्हणतो ‘आता वय झालं’. पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत आणि तिथून दारापर्यंत एक सलग वाट करा. जुन्या योगा मॅट, रबरी पायपुसणी, खाली न घसरणारी जाळी लावलेली सतरंजी, काहीही चालेल, फक्त मध्ये फट नको. पंजांच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस कापा, नखं वेळेवर कापा. नखं जमिनीला टेकायला लागली की पंजा मागे रेलतो आणि सगळा तोल बिघडतो.

उठवताना पुढून ओढायचं नाही. जुनी सुती ओढणी पोटाखालून, मांड्यांच्या पुढून घालून वर धरायची, वजन तुम्ही थोडं घ्यायचं आणि पावलं त्याला टाकू द्यायची. जिन्यात तर हे हवंच. गादी जाड हवी, कोपर आणि खुब्यावर घट्टे पडले तर बाजू बदलत राहायची.

चालणं बंद करू नका. एकदा तासभर फिरवण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, मातीवर किंवा गवतावर. बसून उठायचा व्यायाम आमच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी शिकवला होता: भिंतीला लागून, न घसरणाऱ्या जागी, खाऊ दाखवून बसवायचं, उठवायचं, थोडी विश्रांती, परत. पाण्यात चालवायची सोय पुण्या-मुंबईत मिळते. तिथे पाणी शरीराचा भार घेतं आणि स्नायू काम करतात. महाग आहे, पण काही वेळा जाऊन घरी करायचे व्यायाम शिकून आलात तरी उपयोग होतो.

आणि ऊन. तुमच्याकडे पुण्यात ४० लागतं, आमच्याकडे मे महिन्यात ४५. म्हाताऱ्या लॅबचं भुंकणं घोगरं झालं असेल, श्वास घेताना घर्रघर्र आवाज येत असेल तर स्वरयंत्र नीट उघडत नसण्याची शक्यता असते. त्यांना ऊन अजिबात सोसत नाही. अशा कुत्र्याला गळ्याचा पट्टा नको, छातीचा हार्नेस. किडनीवाल्याला पाणी कधीही कमी पडू द्यायचं नाही, घरात दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवा. रात्री शू होते म्हणून पाणी काढून घेणारे लोक बघितलेत मी, जीव कळवळतो. शू पुसता येते, कोरडी पडलेली किडनी परत येत नाही.


टेकडीवरचा वाटसरू

हे शेवटचं वाक्य ठळक करायला हवं. +१


गच्चीतली बाग

रात्रीच्या फिरण्याबद्दल. आमच्या लॅब-मिक्सलाही हे झालं होतं. माणसांत जसा स्मृतिभ्रंश होतो तसाच कुत्र्यांत होतो. ओळखीच्या घरात वाट चुकणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून दार उघडायची वाट बघणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, घरात शू-शी, माणसांपासून लांब राहणं. पण हे नाव देण्याआधी वेदना, वाढलेली लघवी, रक्तदाब, कमी झालेली नजर आणि ऐकू न येणं हे तपासा. ज्याला आम्ही भ्रम समजत होतो त्यातलं बरंचसं मोतीबिंदूमुळे होतं. संध्याकाळी लवकर दिवा लावला, पॅसेजमध्ये रात्रभर मंद दिवा ठेवला, सोफा आणि टेबल हलवायचं बंद केलं. निम्मं भांबावणं तेवढ्यावर गेलं.

दिवसा त्याला पूर्ण झोपू देऊ नका. सकाळचं ऊन, वास घेत सावकाश चालणं, टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावणं. म्हाताऱ्या कुत्र्याला पळणं जमत नाही, पण नाक शेवटपर्यंत काम करतं आणि नाकाने दमलेला कुत्रा झोपतो. आम्ही त्याला रोज एकाच वाटेने न नेता एक गल्ली बदलायचो.

या भ्रमावर औषध लागलंच तर सेलेजिलिन आहे, डॉक्टर ठरवतील. त्याबरोबर एक सांभाळा: गोचिडीसाठी अमिट्राझचं औषध अंगाला लावायचं नाही, ती दोन एकत्र धोक्याची आहेत. ट्रामाडोल हे वेदनाशामकही सेलेजिलिनबरोबर चालत नाही. गोचिडीचं औषध दुकानदार देतो, डोक्याचं डॉक्टर, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.


घाटमाथा

आमच्याकडे गावठी कुत्री, मोती, चौदा वर्षांची. एक अनुभव सांगतो कारण त्याची भीती सगळ्यांना वाटते. एका सकाळी ती उठली आणि एका बाजूला कोसळली. मान वाकडी, डोळे डावी-उजवीकडे भराभर फिरतायत, उलटी. घरात सगळे म्हणाले अर्धांगवायू, आता सोडवा तिला. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथे तपासून सांगितलं की कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा झटका आहे, म्हाताऱ्या कुत्र्यांत येतो, बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. उलटीचं औषध, सलाईन, अंधाऱ्या खोलीत जाड गादी, हाताने पाणी. दोन-तीन दिवसांत डोळे थांबले, काही आठवड्यांत चालायला लागली. मान थोडी वाकडी राहिली ती राहिली, आजही गेटवर बसून गाव बघते.

लिहायचं कारण असं की पहिल्या दिवसाच्या दृश्यावरून निर्णय घेऊ नका. मात्र डॉक्टरांना दाखवाच, कारण कानातला जंतुसंसर्ग किंवा मेंदूतली गाठही असंच दाखवते.

खाजगी खर्च झेपत नसेल त्यांनी सरकारी महाविद्यालयं लक्षात ठेवा. परळचं १८८६ सालचं, नागपूरचं, शिरवळचं. गर्दी असते, थांबावं लागतं, पण शिकवणारे डॉक्टर बघतात. आता मुंबईत महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालयही २०२४ पासून सुरू आहे.


पूर्वेकडची खिडकी

मी न्यू जर्सीत असते. आमच्या गोल्डन रिट्रीव्हरला संधिवातासाठी लिब्रेला नावाचं महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन चालू आहे. ते वेदनेचा संदेश देणारं एक प्रथिन अडवतं, किडनीवर भार कमी, म्हणून आमच्या डॉक्टरांनी सुचवलं. इथे मे २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आमची गोल्डन त्यावर खरंच मोकळी चालते. पण डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या एफडीएने, म्हणजे सरकारी औषध नियंत्रण खात्याने, डॉक्टरांना पत्र काढून चालण्यात तोल जाणं, झटके, जास्त तहान-लघवी अशा नोंदी आल्याचं कळवलं. त्यामुळे आम्ही प्रत्येक इंजेक्शनआधी तिच्या चालण्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवतो. ही व्हिडिओची सवय औषध कुठलंही असो, उपयोगी पडते. दवाखान्यात कुत्रा उत्साहात नीट चालतो आणि घरी लंगडतो.


डोंबिवली फास्ट लोकल

आमची स्पिट्झ, तेरा वर्षांची, वजन आठ किलो. हिचं दुखणं हृदयाचं. झडप गळते, लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हे फार असतं. खोकला म्हणून सिरप देत बसू नका, स्टेथोस्कोपने हृदय तपासून घ्या. हृदय मोठं झालेलं असेल पण छातीत पाणी झालेलं नसेल, त्या टप्प्यावर पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू केलं तर छातीत पाणी होण्याची वेळ मध्यक हिशेबाने सुमारे १५ महिने पुढे जाते, हे २०१६ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. आमच्या डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढून मगच सुरू केलं.

घरी रोज करायचं काम एकच. गाढ झोपेत असताना मिनिटभर श्वास मोजायचे. पोट वर आणि खाली मिळून एक. ३० च्या खाली हवे. सलग वाढत गेले किंवा ३० ओलांडले तर त्याच दिवशी डॉक्टर. आमच्या सोसायटीतल्या दोन कुत्र्यांचं फुप्फुसातलं पाणी या मोजण्यामुळे वेळेत कळलं. पापड, फरसाण, लोणच्याचा खार, चिवडा, यातलं मीठ हृदयवाल्या कुत्र्याला नको.


शेवंती

किती माहिती दिलीत सगळ्यांनी! एकेक वाचून घरात मोठ्याने वाचून दाखवतेय. खाण्याबद्दल अजून विचारायचं आहे. किडनीसाठीचं तयार खाणं बंड्या हुंगून निघून जातो. घरी शिजवते ते काय असावं? आत्ता नाचणीची आंबील, भात, चिकन, कधी कलेजी, कधी पनीर.


पशुवैद्य सातारकर

दुसऱ्या पायरीला प्रथिनं खूप तोडायची नसतात, फॉस्फरस कमी करायचा असतो. कलेजी, पनीर, दूध, हाडांचं सूप यात फॉस्फरस जास्त, ते थांबवा. नाचणी आपल्याला पौष्टिक म्हणून माहीत आहे, पण तिच्यात पांढऱ्या तांदळापेक्षा फॉस्फरस जास्त असतो. या कुत्र्याला साधा मऊ भात बरा. अंड्याचा पांढरा भाग उत्तम, प्रथिन चांगलं आणि फॉस्फरस अगदी कमी. चिकन मर्यादेत, उकळून पाणी टाकून. लाल भोपळा, दुधी. कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची बारीक पूड मोजून, ती जेवणातच मिसळायची, म्हणजे अन्नातला काही फॉस्फरसही बांधून ठेवते. मात्रा वजनावर आणि रक्तातल्या कॅल्शियमवर ठरते, मनाने घालू नका.

घरचं खाणं कायमचं द्यायचं असेल तर आहाराचं गणित एखाद्या पशुआहारतज्ज्ञाकडून करून घ्या. जस्त, तांबं, ड जीवनसत्त्व या गोष्टी भात-चिकनमध्ये कमी पडतात आणि ते कळायला महिने लागतात.

तयार खाणं खात नसेल तर एकदम बदलू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू मिसळत न्या, कोमट करून वास सुटू द्या. मळमळत असताना नवीन खाणं पुढे केलं तर तो त्या वासालाच धसका घेतो, म्हणून आधी मळमळ थांबवा. फोडणीचं काही नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. द्राक्षं, मनुका, बेदाणे किडनीला थेट घातक आहेत. लाडू-शिऱ्यातले बेदाणे लक्षात ठेवा.

दातही बघा. सडलेल्या दातांचा कुत्रा खात नाही आणि सगळे किडनीला दोष देतात.


घाटमाथा

एक अवघड विषय काढतो. कधी थांबायचं? माझी आई म्हणते, आलेला जीव आपल्या वेळेने जाईल, सुई देऊन पाठवणं पाप. मला तिचं मन दुखवायचं नाही, पण मोतीला कण्हत ठेवणंही मला सहन होणार नाही.


गच्चीतली बाग

आमच्याकडे हाच वाद होता. आम्हाला डॉ. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी केलेलं एक मोजमाप उपयोगी पडलं. सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. वेदनेत श्वास घ्यायला होणारा त्रासही धरायचा. एकूण ३५ च्या वर असेल तर काळजी घेत पुढे जाण्याला अर्थ आहे असं मानतात. आम्ही दर रविवारी घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यायचो, माझ्या सासूबाईसुद्धा. आकडा उतरत गेला तेव्हा त्यांनीच स्वतःहून म्हटलं, आता त्याला धरून ठेवू नका. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला हिरवी खूण करत गेलात तरी चित्र कळतं, कारण रोज बघणाऱ्याला उतरण दिसत नाही.

घाटमाथा, आईंना गुण द्यायला बरोबर घ्या. त्यांची श्रद्धा मोडायची गरज नाही. वेदनेवर पूर्ण औषध देत, घरी, आपल्या माणसांत जाऊ देणं हाही मार्ग असतो, फक्त मग ते औषध रात्री-अपरात्री मिळेल याची सोय आधीच डॉक्टरांशी बोलून करायला हवी. श्वासासाठी तडफड, थांबत नाहीत असे झटके, अशा वेळी मात्र वाट बघू नये असं मला मनापासून वाटतं.


शेवंती

थोडं कळवायला आले. एकच डॉक्टर ठरवले आणि सगळ्यांची औषधं एका पानावर लिहून नेली. रक्तदाब १५० निघाला, लघवीत प्रथिनं फार नाहीत. जुन्या गोचीड तापाची चाचणी केली, ती निगेटिव्ह. आता गॅबापेन्टिन रात्री, मेलॉक्सिकॅम अगदी कमी मात्रेत, पुढच्या आठवड्यात परत रक्त. माशाचं तेल सुरू. हॉलपासून गॅलरीपर्यंत मॅट अंथरल्यात. वजन ३७ च्या खाली आलंय आणि रात्रीचं फिरणं पूर्ण गेलं नाही, पण चार-साडेचारपर्यंत झोपतो. काकूंनी हळद सोडून तिळाच्या तेलाने चोळायचं मनावर घेतलंय, रोज दुपारी येतात.


डोंबिवली फास्ट लोकल

छान वाटलं वाचून. सातारकर डॉक्टर, एक शंका. माझ्या बहिणीच्या कुत्र्याची किडनी तिसऱ्या पायरीवर आहे आणि तिला घरी कातडीखाली सलाईन द्यायला सांगितलंय. ते घरी जमण्यासारखं आहे का? ती फार घाबरली आहे.


पशुवैद्य सातारकर

जमतं, बहुतेक सगळ्यांना जमतं. पहिल्या दोन-तीन वेळा डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून बघू दे. रिंगर लॅक्टेट वापरतात, डेक्स्ट्रोज कातडीखाली द्यायचं नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आणायची, थंड गेलं की कुत्रा दचकतो. खांद्यांच्या मधली सैल कातडी तंबूसारखी उचलायची आणि सुई त्या पोकळीत घालायची. दर वेळी नवीन सुई, बाटली उंच टांगायची. तिथे पाण्याची पिशवी झाल्यासारखी दिसते, ती पुढच्या काही तासांत शोषली जाते, कधी पुढच्या पायाकडे उतरते, घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तशीच असेल तर पुढची बाटली लावू नका, आधी विचारा. जागा लाल, गरम किंवा दुखरी झाली तर लगेच दाखवा.

आणि सुरू करण्याआधी हृदय तपासलंय का ते बहिणीला विचारा. झडप गळत असेल तर किडनीसाठी दिलेलं हेच पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. तसं असेल तर मात्रा कमी करावी लागते किंवा सलाईन टाळून खाण्यातून आणि पोटात घातलेल्या नळीतून पाणी द्यावं लागतं. हृदयाचा आवाज नुसता ऐकून शंका आली तरी इको होईपर्यंत थांबा, आणि सलाईन चालू झाल्यावर झोपेतले श्वास रोज मोजायचे, तुम्ही वर लिहिलेत तसेच.